शेवट सांगू नका

खालची वाडी, वेल्हे
२७ सप्टेंबर २०२५

गं. भा. नलूवहिनी यांस,
मधूचा सा. न. वि. वि.

वर जे ‘गं. भा.’ लिहिलं आहे ते चुकून लिहिलेलं नाही. दादा होता तोवर त्याला लिहिलेल्या पत्रात शेवटी ‘सौ. वहिनींना नमस्कार’ अशी एक ओळ मी टाकायची. तो गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि पहिल्याच वेळी तुम्हाला आठवण करून द्यावी लागते आहे की माझा भाऊ जाऊन अजून वर्ष भरलेलं नाही.

काल शेफाली खिंडीतून आली ती तोंड लपवतच आली. तिथं रेंज येते म्हणून वाडीतल्या सगळ्या सुना संध्याकाळी तिथं जातात, हे तुम्हाला माहीत आहे. माझी सून काही चुगलखोर नाही, पण मीच खोदून विचारलं तेव्हा तिनं मोबाईल पुढं धरला. अंधारं थेटर. पडद्यावर बायका बँड वाजवताहेत आणि पडद्याखाली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, जांभळ्या साडीत तुम्ही. दोनदा टाळी, कमरेवर हात, गिरकी. वर तोंडात दोन बोटं घालून शिट्टी! वहिनी, शिट्टी! पंचवीस वर्षं शाळेत पोरांना हाताची घडी तोंडावर बोट करायला लावणारी बाई! बरोबर आणखी कोण ती गॉगलवाली, अर्धी पाठमोरी, गोल साडीचा पदर डोक्यावरून ओढलेली. अंधारात गॉगल लावून थेटरात नाचणारी बाई उठवळच असणार, दुसरं काय. कुणाच्या संगतीला लागलात?

खिंडीत अर्ध्या वाडीनं ते पाहिलं. सखूबाईनं मला बांधावरून हाक मारून विचारलं की तुमची भावजय आता शिनेमात काम करती का.

आणि हे सगळं पितृपंधरवड्यात. तेही माझ्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुमच्या घरी असताना! म्हणजे पंचाहत्तरीच्या पेशंटला घरात एकटं टाकून तुम्ही पुण्याला गेलात. त्यांच्या डोळ्यात थेंब कुणी घातले? सासूबाई बिचाऱ्या तुमच्याविरुद्ध चकार शब्द बोलल्या नव्हत्या. काल मात्र जेवता जेवता त्याही म्हणाल्या की आमच्या येळंला असलं न्हवतं बाई, या वयात शोभतंय का.

आपल्या घरची रीत तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे. माणूस गेलं की वर्षभर घरात कढई चढत नाही, तळण नाही. वर्षश्राद्ध झालं की घरची लेक सासरहून येते, ती कढई चढवते, पहिली पुरी तळते, तेव्हा घराला सण मोकळे होतात. कार्तिक वद्य पंचमीला मी यायची आहे. पण तुम्ही जर दुखवटा आधीच गाण्याबजावण्यानं फिटवून टाकला असेल तर माझं तिथं काय काम? मी येणार नाही. मंदारला तसं सांगा. तुमच्या मुलाला मी काही बोलणार नाही, त्याचा यात दोष नाही.

फोन केला असता, पण त्यासाठी खिंडीत जावं लागतं, आणि आपल्या घरची लक्तरं मला खिंडीत टांगायची नाहीत. म्हणून दादाच्याच वाटेनं पत्र पाठवते. वेल्ह्याच्या गाडीचा कंडक्टर नसरापूर फाट्यावर सावळारामच्या चहाच्या टपरीत ठेवील, तिथून भोरची गाडी उचलेल.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. आज मी तो मागत नाही.

मधू


भोर
१ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मधूवन्सं यांस,
अ. उ. आ.

होय, वन्संच. जन्मभर तुला मधू म्हटलं, पण तू मला गं. भा. म्हणणार असशील तर मलाही मानपान येतात.

तुझं पत्र मला एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत मिळालं. ज्या खिडकीत बसून तुझा भाऊ आयुष्यभर गाड्या सोडायचा तिथं उभी राहून मी ते उघडलं आणि पहिलीच दोन अक्षरं वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला आठवण करून देतेस? सकाळी चहाला दोन कप काढते आणि एक परत फडताळात ठेवते, ती काय विसरले म्हणून? तेराव्यानंतर तू या घरात किती वेळा आलीस ते सांग. म्हशी आहेत, भात लावणी आहे, काढणी आहे, मला सगळं कळतं. पण जी बाई वर्षभर आली नाही तिनं वर्ष मोजून दाखवू नये.

आता शिट्टीचं. ती माझीच. लहानपणी शेताची राखण करताना शिकले, तुझ्या भावालाही माहीत नव्हती. नाच माझाच, जांभळी साडीही माझीच. मी गेले, मला आवडलं, मी पोट धरून हसले. मला त्याची लाज वाटत नाही आणि मी माफी मागणार नाही. कुणी आजारी होतं, कुणी बळंच नेलं, असलं काही कारण मी देणार नाही, कारण कारण लागावं असं मी काही केलेलंच नाही.

तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यात थेंब वेळच्या वेळी पडले. प्रत्येक वेळी मीच घातले. नसेल खरं वाटत तर त्यांनाच विचार. समोर बसवून विचार, आणि विचारताना त्यांच्या तोंडाकडं बघ.

त्या गॉगलवाल्या बाईविषयी मी एक अक्षर बोलणार नाही. मी शब्द दिला आहे आणि तो पाळते आहे, जरी आज तो पाळताना माझे दात-ओठ आवळले जाताहेत. एवढंच सांगते की उठवळ हा शब्द मागं घे. नंतर घ्यायला लागला तर तुला जड जाईल.

कढईला तू येणार नाहीस? नको येऊस. कढई माझी आहे, गॅस माझा आहे, पुरी मला तळता येते. रीत मोडली म्हणून वाडी काय म्हणेल ते खिंडीत जाऊन ऐक.

सावळारामनं पाकीट हातात घेऊन कंडक्टरला विचारलं म्हणे, की मास्तरीणबाईंना आलेलं पत्र एवढं जाड कसं. त्याला सांग, आतला राग जाड आहे.

आशीर्वाद वर लिहिले आहेत ते खरे आहेत. बाकी काही उरलेलं नाही.

नलू


खालची वाडी
६ ऑक्टोबर, कोजागिरी

नलूबाईस धोंडाबाईचा रामराम.

शेफाली लिवती, म्या सांगते. सूनबाई रानात गेली हाय, माजा मानसिंगबी तिच्याबरं गेलाय, म्हनून आत्ताच बसवलीय पोरीला. पोरीनं कुनाला सांगायचं न्हाई म्हनून शपथ घेतलीय.

नलूबाई, तुजं पत्तर सूनबाईनं वाचलं आन् दोन दिस घरात धुमसत व्हती. भांडी आदळती नुसती. मला समूर बसवून इचारलं की तुमच्या डोळ्यात थेंब कुनी घातलं. म्या म्हनलं नलूबाईनं. कुठं घातलं, तर म्या म्हनलं डोळ्यात. पुढं म्या उठून गोठ्यात ग्येले. लई बाका परसंग व्हता.

तू मला दिलेला सबुद मोडू नगंस. व्हय, म्याच म्हनलं व्हतं. डागदरनं पट्टी काढली आन् मला भित्तीवरल्या घड्याळाचा काटा दिसला, तवा म्याच तुला म्हनलं की नलू, आता या डोळ्यांनी कायतरी मोठं आन् चांगलं बघू दे. लुगडं नगं, तुजी गोल साडी नेसते, कोन वळखंल. हे समदं म्याच बोलले. पर सूनबाईपुढं म्या आजवर मोठेपना केलेला हाय. तिनं एकदा जत्रंतल्या तमाशाला जाऊ का म्हनून इचारलं व्हतं, तवा म्या न्हाई म्हनले व्हते. आता कोन्च्या तोंडानं सांगू?

उठवळ म्हनली ती मला. माज्यासमूर. आन् म्या मान हालवली गं. भाकर तशीच ऱ्हायली ताटात.

पर शिनेमा मातुर झ्याक व्हता. त्या धाकल्या सुनंचा ढोल अजून माज्या कानात हाय. 

धोंडाबाईचा आंगठा समज


भोर
१० ऑक्टोबर २०२५

ती. धोंडाबाई मावशींना,
नलूचा सा. न.

शेफाली, हे मोठ्यानं वाच, पण दार लावून वाच.

मावशी, तुमच्यावर मी इतकी रागावले आहे की ज्ञानेंद्रियांचा धडा शिकवायला बसले तर डोळ्यांवर फक्त तुमचाच दाखला देईन. नवे डोळे मिळाले, पण समोरचं दिसत नाही! एक बाई तुमच्या समोर तुम्हाला उठवळ म्हणते आणि तुम्ही मान हलवता. वर ‘या वयात शोभतंय का’ हे तुम्ही म्हणालात, माझ्याबद्दल! मावशी, मधल्या वाटेत आधी कोण उतरलं होतं? मला हात धरून कुणी ओढलं होतं? ‘नलू ऊठ, बसून काय करतीस’ हे कोण म्हणालं होतं?

मी शब्द मोडणार नाही. पण तो तुमचा मोठेपणा राखायला नव्हे. तुम्ही मला नेलंत हे कारण मधूला सांगितलं की ती मला माफ करील, आणि मला तिची माफी नको आहे. मी तुमच्यासाठी गेले असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. तुम्ही म्हणाला नसतात तरी मी गेले असते. कदाचित थोडी उशिरा गेले असते, पण गेले असते.

गॉगल उन्हात लावत चला. थेंब संपले असतील तर शेफालीबरोबर रिकामी बाटली पाठवा, मी नवी धाडते. रागावले आहे म्हणून डोळ्यांशी वैर नाही.

नलू


खालची वाडी, वेल्हे
२४ ऑक्टोबर २०२५

नलूवहिनींस,
मधूचा नमस्कार.

मायना काय लिहावा ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

काल भाऊबीज झाली. मानसिंगरावांच्या बहिणी आल्या, त्यांनी भावाला ओवाळलं, मी त्यांना वाढलं, गोड त्यांच्यापुरतं त्यांनीच आणलं होतं. संध्याकाळी ताट घेऊन अंगणात गेले. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते हे लहानपणी ऐकलं होतं, पण ते आपल्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. बीजेची कोर ती केवढी, आणि तोरण्याच्या आड जायला तिला घाई. मी निरांजन लावेपर्यंत ती डोंगराला टेकली होती. दोनदाच ओवाळून झालं, तिसऱ्यांदा हात फिरवला तेव्हा समोर नुसता डोंगर होता. वहिनी, मला इतका संताप आला! चंद्रालासुद्धा माझ्यासाठी थांबता येत नाही?

ताट हातात घेऊन तशीच उभी होते तर गोठ्यातून गाणं ऐकू आलं. सासूबाई धार काढत होत्या. गुणगुणता गुणगुणता त्यांनी चरवी बाजूला ठेवली आणि दोनदा टाळी वाजवली. मग उठल्या आणि कमरेवर हात ठेवला. गिरकी काही त्यांना जमली नाही, दावणीचा आधार घ्यावा लागला. पण गाणं तेच होतं, शेफालीच्या मोबाईलमधलं. आमच्या घरात टीव्ही बंद पडून दोन पावसाळे झाले आणि मोबाईल शेफालीनं फक्त मलाच दाखवला होता. ते गाणं त्यांना कुठून येणार?

मग मला ती गोल साडी आठवली, गॉगल आठवला, तुम्ही लिहिलेलं तोंडाकडं बघणं आठवलं. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या की व्हय, म्याच ती उठवळ.

मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं, शब्द मागं घ्यायला हवा होता. सगळे म्हणतील तसंच. मी नाही पडले. मी ओरडले. घरच्या पाहुण्या बाहेर आल्या, मानसिंगराव बाहेर आले, मी कुणालाच जुमानलं नाही. वर्षभर मी साखर सोडली आहे. कुणाला सांगितलं नाही, चहा बिनसाखरेचा पिते, दादासाठी. मला वाटत होतं आपण सगळेच असं काहीतरी धरून आहोत. आणि तुम्ही दोघी गुपचूप गाडीत बसून गेलात. तुम्ही दुःखात आहात असं समजून मी इथं कडू चहा पीत होते.

आणि आता खरं सांगू का? गेलात त्याचा राग नाही आला मला. मला नेलं नाहीत त्याचा आला. सासूबाईंना नेलंत! ज्यांनी मला आयुष्यात एकदा तमाशाला जाऊ दिलं नाही, त्यांना! मला एक निरोप तरी धाडायचा.

तुम्हाला माहीत नसेल. लहानपणी भोरच्या जत्रेत तंबूत सिनेमा यायचा. दादा मला न्यायचा. दर वेळी शेवट यायच्या आत माझा डोळा लागायचा आणि तो मला खांद्यावर टाकून घरी आणायचा. सकाळी मी विचारायचे पुढं काय झालं, की तो शेवट सांगायचा. त्याच्या प्रत्येक शेवटात सगळे जण घरी परत येऊन जेवायला बसायचे. मारामारीच्या सिनेमातसुद्धा. ते सगळे त्यानं मनानं रचलेले होते हे मला लग्नानंतर कळलं, तेव्हा मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला पुढच्या भाऊबीजेला तुला मोठ्या थेटरात नेतो, शेवट तुझा तू बघ. प्रत्येक भाऊबीजेला म्हणायचा, पुढच्या भाऊबीजेला. काल ती पुढची होती.

कढईचं मी अजून काही ठरवलेलं नाही.

मधू


भोर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मधू हिस,
अ. उ. आ.

वन्सं परत फडताळात ठेवली आहे. लागली तर काढीन.

तुझं पत्र मी स्टँडवर उघडलं नाही, घरी येऊन दार लावून वाचलं. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाहीच म्हणशील, तुझी म्हैस, तुझं रान, असं माझं मीच ठरवून टाकलं. हे असं दुसऱ्याच्या वतीनं ठरवणं मी कुणाकडून शिकले ते सांगते, म्हणजे तुझा राग योग्य जागी जाईल.

तुझ्या भावाला सिनेमाचं वेड होतं. तरुणपणी ड्यूटी संपली की डेपोतल्या मित्रांबरोबर शेवटच्या खेळाला जायचे. लग्न झाल्यावर मी म्हटलं मलाही न्या, तर म्हणाले पुढच्या शुक्रवारी. मग मंदार झाला, मग माझ्या परीक्षा, मग त्यांची जादा गाड्यांची ड्यूटी, आणि दर वेळी पुढचा शुक्रवार. आपण होऊन एकदाही म्हणाले नाहीत. तुला दमायला होईल, तुला गर्दी सोसणार नाही. मला काय सोसतं ते त्यांनीच ठरवलं. अख्ख्या भोरला पुण्याच्या गाडीत बसवून देणारा माणूस, मधू, त्याला स्वतःची बायको एकदा त्या गाडीत बसवता आली नाही.

म्हणून मावशी म्हणाल्या तेव्हा मी दुसऱ्या मिनिटाला साडी काढली. त्या म्हणाल्या हे निमित्त, खरं तर मी वाटच बघत होते. कुणाची ते माहीत नव्हतं.

आता तिथं काय झालं ते ऐक, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. आत शिरलं की गार. इतका अंधार की मावशींनी माझा दंड धरला. डॉक्टरांनी उजेडापासून जपायला सांगितलं होतं, म्हणून गॉगल काढू देईना मी, आणि त्या म्हणत होत्या की यातनं मला बायका काळ्या दिसत्यात. गोष्ट साधी. एक बँडवाल्याचं घर. म्हातारा बँडमास्तर, समोरचे दात पडले म्हणून त्याला ट्रम्पेट फुंकता येईना. पोरं शहरात गेलेली. मग लग्नसराईच्या तोंडावर घरातल्या सुना वाद्यं उचलतात. पहिल्या लग्नात अशा बेसूर वाजवतात की घोडा नवरदेवाला घेऊन उलटा पळतो. तिथं मावशी इतक्या हसल्या की त्यांचे थेंब आपोआप वाहून गेले आणि मला मध्यंतरात परत घालावे लागले.

पण गाणी, मधू! ढोल सुरू झाला की आवाज कानात येत नाही, खुर्चीतून पाठीत शिरतो. धाकटी सून रात्री गुपचूप गच्चीवर सराव करते ते गाणं लागलं तेव्हा माझ्या पायांनी माझं ऐकणं बंद केलं. गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई मी. मला कित्येक मिनिटं आठवलंच नाही की मी कोण, कुणाची, कुठून आले. यांचीसुद्धा आठवण झाली नाही. नुसता आनंद झाला. तो शब्द लिहायलाही आता हाताला सवय राहिलेली नाही.

मग मध्यंतर झालं, दिवे लागले, आणि मी हसत हसत शेजारी वळले, बघितलंत का हो, म्हणायला. शेजारी मावशी, गॉगल कपाळावर, वेफर्स खात. तेव्हा मात्र मला राग आला. दुःख नाही, राग. इतकं सोपं होतं हे! भोरची गाडी, एक तिकीट, एक खुर्ची, एवढंच तर होतं. आणि या माणसानं ते मला कधी दिलं नाही, आणि आता तो नाही म्हणून मी भांडायचं कुणाशी? मग मी त्या रागासकट उत्तरार्ध बघितला. शेवटचं गाणं लागलं, सगळं थेटर उठलं, मावशींनी ओढलं, आणि मी यांच्यावरचा सगळा राग त्या शिट्टीत घातला. तुझ्या वाडीनं ऐकली ती शिट्टी त्यांना होती.

आता तूही चिडलेली आहेस. त्याच माणसावर. तुझी पुढची भाऊबीज आणि माझा पुढचा शुक्रवार एकाच घरातून आले. मग आपण एकमेकींवर काय म्हणून ओरडतो आहोत?

मंदारनं सांगितलं की तो सिनेमा अजून एका थेटरात दुपारच्या खेळाला चालू आहे, पण फार दिवस राहणार नाही. शेवटी त्या सुनांना ज्या वरातीत वाजवायचं असतं ती वरात कुणाची निघते माहीत आहे का, तर…

नाही. तू उत्तर पाठव, मग सांगते.

कढई घासून ठेवली आहे. मी एकटी चढवणार नाही, तसं रागात लिहिलं होतं. तू आली नाहीस तर ती तशीच राहील, दिवाळ्या येतील आणि जातील.

तुझा लोभ मला हवा आहे. मागितल्याशिवाय मिळणार नसेल तर मागते.

नलू


खालची वाडी, वेल्हे
३ नोव्हेंबर २०२५

ती. नलूवहिनी यांस,
मधूचा सा. न. वि. वि.

तुमच्या नावामागं आता मी काही लावणार नाही. सौ. नाही, गं. भा. नाही. तुम्ही वहिनी आहात, तेवढं पुरे.

मी येते आहे. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पहिल्या गाडीनं. कढई मीच चढवणार, पहिली पुरी मीच तळणार, तुम्ही हात लावायचा नाही. आणि फुगली नाही तरी काही बोलायचं नाही. पुरी झाली की मला साखर घातलेला चहा करून द्या, तोंड भरून गोड.

राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. रागासकट येते. दादाच्या पानावर वाढताना मी त्याला चार शब्द सुनावणार आहे, मंदारला वाईट वाटलं तरी. तुम्हीही सुनावा. आजवर त्याला कुणी बोललं नाही म्हणूनच त्याचं फावलं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला जायचं. मंदारला तिकिटं काढून ठेवायला सांगा. सासूबाई येणारच म्हणताहेत, परत गॉगल घालून, आणि या वेळी लुगडं नेसूनच, कोण वळखंल ते वळखू दे म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या की ऊठ गं, तू चुकली न्हाईस, म्या व्हतेच तशी. मानसिंगरावांनी विचारलं की त्या दिवशी आम्ही काय खायचं. मी सांगितलं की चूल तिथंच आहे, शेफाली खिंडीत जाईल, तुम्ही भाकरी थापा. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा मला हसू आलं. सखूबाईनं परत बांधावरून विचारलं तर मी तिलाही गाडीची वेळ सांगणार आहे.

एक विनंती. तुम्ही पत्रात तो शेवट सांगता सांगता थांबलात, तेव्हा मी कागद झटकन पालथा घातला. वरात कुणाची निघते ते मला सांगू नका. भेटल्यावरही सांगू नका, श्राद्धाच्या गडबडीत तोंडून जाऊ देऊ नका. सासूबाईंना गोठ्यात ते शेवटचं गाणं म्हणायची मी बंदी घातली आहे. दादानं मला सगळ्या सिनेमांचे शेवट सांगितले, आणि सगळे खोटे. एक तरी शेवट मला माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे.

थेटरात मला तुमच्या शेजारी बसवा. सवय जुनी आहे, अंधार झाला की डोळा लागतो. लागला तर चिमटा काढून उठवा, वहिनी. खांद्यावर टाकून घरी न्यायला आता कुणी नाही.

तुमची,
मधू